प्रफुल्लच्या हळदीची कॅसेट

आमच्या घरात मिक्सर आठ दिवस बंद होता, आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं. त्याच्या प्लगला एक पिवळा पुठ्ठा लटकत होता. त्यावर माझ्या नवऱ्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : ‘काम चालू. स्विच लावू नये. – नामदेव.’

अणुवीज केंद्रात चौतीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेला माणूस. कुठल्याही मशीनला हात लावायच्या आधी तिचा स्विच बंद करायचा, त्यावर आपल्या नावाची पाटी लावायची, आणि ज्याची पाटी त्यानेच ती काढायची, ही त्यांची शिस्त. रिटायर होऊन दीड वर्ष झालं तरी हे अंगातून गेलेलं नाही. पंख्याला तेल घालायचं तरी पाटी. आता माळ्यावरचा जुना टेप डेक दुरुस्तीला काढला होता. तो ज्या सॉकेटवर लावायचा त्याच सॉकेटवर माझा मिक्सर चालतो, म्हणून बिचारा मिक्सरही अटकेत. आठ दिवस मी पाट्यावर वाटण वाटलं आणि चकार शब्द काढला नाही.

माझी जीभ ज्यांना माहीत आहे त्यांना हे पटायचं नाही. पण डेक काढायला मीच लावला होता, आणि का ते सांगते.

तीस वर्षांपूर्वी माझे धाकटे दीर, प्रफुल्ल, यांचं लग्न झालं. हळदीच्या गाण्यांची आमच्याकडची रीत अशी, की एकीने गाणं उचलायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. उचलणारीला गळाही लागतो आणि डोकंही, कारण कुठल्या ओळीत कुठल्या काकाचं, कुठल्या आतेचं नाव गुंफायचं हे तिला तिथल्या तिथे ठरवावं लागतं. एखादं नाव सुटलं तर तो काका पुढची दहा वर्षं बोलत नाही. झेलणारीला काय, ओळ आली की परत म्हणायची.

त्या हळदीला गाणी उचलायला दोघी होतो. एक मी, लग्न होऊन तीन वर्षं झालेली सून. दुसरी माझी नणंद मंगला, तेवीस वर्षांची, तेव्हा बिनलग्नाची. एक गाणं तिने उचलायचं, एक मी. ताल धरायला सासूबाईंचा काशाचा थाळा आणि त्यावर पळी. संध्याकाळी मांडवात रोषणाई लागली, आणि ती इतकी लावली होती की दहा मिनिटांत फ्यूज उडाला. आमच्या घिवली गावातल्या ओट्यावरून अणुवीज केंद्राचे दिवे दिसतात. तिकडे नुसता झगमगाट आणि इकडे आमच्या मांडवात काळोख. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पण बायका काही थांबल्या नाहीत. काळोखातच गाणं उचललं गेलं, आणि प्रफुल्लच्या मिथुन नावाच्या दोस्ताने ते कॅसेटवर भरून घेतलं. एका बाजूला मावेल असं एकच लांबलचक गाणं, बावीस मिनिटांचं. यांना मात्र त्या दिवशी सेकंड शिफ्ट होती. सख्ख्या भावाची हळद, आणि हे ड्यूटीवर.

ते बावीस मिनिटांचं गाणं मी उचललं होतं.

मंगला म्हणते, तिने.

पुढच्या दिवाळीला प्रफुल्लने मुंबईहून एक सेकंडहँड टेप डेक आणला. चांदीच्या रंगाचा, भला जड, पुढे दोन काटे नाचणारा. सगळं घर भोवती बसलं, कॅसेट लावली, आणि आतून आवाज आला तो पातळ, उंच, घाईचा. सगळे एकदम ओरडले, ‘ही तर मंगला!’ माझा आवाज आहे जाड. मी अंगणातून हाक मारली की होडी वळते, असं सासरे म्हणायचे. तरी मी म्हटलं, ‘गाणं मी उचललेलं हाय.’ सासूबाई म्हणाल्या, ‘अगो, कान हाय ना तुला? ऐक की.’ हातच्या काकणाला आरसा कशाला! मांडवात काळोख होता, कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. 

डेक तीन-चार वर्षं वाजला आणि बंद पडला. प्रफुल्ल सुरतेला राहायला गेले तेव्हा तो आमच्या माळ्यावर सुकटीच्या डब्यांशेजारी जाऊन बसला. मंगलाचं तोंड मात्र कधी बंद पडलं नाही. तिला दिली जवळच, दांडी गावात. त्यामुळे एकही लग्न तिच्यावाचून होत नाही, आणि प्रत्येक लग्नात तिचं सुरू : ‘प्रफुल्लच्या हळदीची कॅसेट तुमी ऐकायला पायजे होती. काय तो गळा! काय दम! बावीस मिन्टं एक नाव सुटलं नाय, एक ओळ हलली नाय. असं गाणं आपल्या किनाऱ्याला परत झालं नाय.’ आणि हे सगळं माझ्यासमोर, मला कोपराने ढोसून, ‘काय वैनी, खरं की नाय?’

पहिली दहा वर्षं मी चिडले. पुढची दहा वर्षं हसून नेलं. आणि मग, सांगायला लाज वाटते, मला स्वतःचीच शंका यायला लागली. ते गाणं काळोखात उचललेलं मला आठवत होतं. सासऱ्यांच्या चार भावांची नावं एका दमात कशी बसवली तेही आठवत होतं. पण माणूस रागाच्या भरात तीस वर्षं एखादी गोष्ट घोळवतो तेव्हा ती खरी होती की आपणच रचली, हे कुणी सांगावं? मला मान नको होता की माफी. मला एकदाच खात्रीने कळायला हवं होतं, की त्या काळोखात गात होती ती मी होते की नाही.

आता यंदा मंगलाच्या मुलीचं, उन्नतीचं, लग्न ठरलं. नवरीच्या हळदीचं पहिलं गाणं मामीने उचलायचं ही आमच्या घरची चाल, आणि तिची सख्खी, जवळ असलेली मामी मीच. जानेवारीत मंगला आमंत्रण घेऊन आली, ओट्यावर टेकली, पाणी प्याली आणि म्हणाली, ‘वैनी, तू कशाला आता या वयात गळा ताणतेस? तू झेलणारी. आपण असं करू, आपली ती कॅसेटच लावू स्पीकरवर. आईच्या आवाजात पोरीची हळद. उन्नतीला पण हौस हाय.’

माझ्या हातात सुके बोंबील होते, नाहीतर काय फेकून मारलं असतं देव जाणे.

‘लाव,’ मी म्हणाले. ‘पण आधी तुझा भाऊ डेक नीट करील. मग बघू कॅसेटवर कोण हाय ते.’

‘बघू की! मी नसली तर पयलं गाणं तुझं. आणि मीच असली तर?’

‘तर उन्नतीच्या हळदीत मी तोंड उघडणार नाय.’

बोलून गेले खरी. ती गेल्यावर हे म्हणाले, ‘तू न बोलता चार तास? पैज जरा झेपेल अशी लावायची, हंसा.’ पण संध्याकाळी शिडी लावून तेच माळ्यावर चढले.

डेकचं झाकण उघडलं आणि घरभर बोंबलाचा वास सुटला. तीस वर्षांतली निम्मी वर्षं सुकटीच्या सहवासात काढलेला डेक तो. आत पालीची दोन अंडी होती, ती फुटून कोरडी झालेली. मोटरवरून चाकावर जाणारा रबरी पट्टा होता म्हणे. पण पट्टा कसला, त्याचं डांबर झालं होतं. यांनी बोट लावलं तर बोटाला चिकटलं, ते पुसलं लुंगीला, लुंगीवरून गेलं सोफ्याला. अणुवीज केंद्रातला शिस्तीचा माणूस, आणि घरभर काळे ठसे.

‘तिकडे पण असंच करायचात काय?’ मी विचारलं.

‘तिकडे हातमोजे असायचे,’ ते म्हणाले आणि स्पिरिट आणायला गेले.

पट्ट्यासाठी बोईसर पालथं घातलं त्यांनी. ओस्तवाल संकुलापासून स्टेशनपर्यंत जिथे म्हणून इलेक्ट्रॉनिकची पाटी दिसली तिथे आत शिरले. सगळीकडे मोबाइलची कव्हरं. एका दुकानदाराने कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, ‘चाचा, इसका चार्जर कहाँ लगता है?’ दोन दिवस हे तोंड पाडून परत आले. तिसऱ्या दिवशी स्टेशनजवळ मिक्सर दुरुस्त करणारा देवू म्हणून एक म्हातारा सापडला. त्याच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात जुन्या व्हीसीआरचे, टेपचे पट्टे टाल्कम पावडरीत लोळवून ठेवलेले. यांनी तीन मापांचे आणले. देवूने चहा पाजला आणि निघताना म्हणाला म्हणे, ‘वाजला की सांग. मी पण ऐकायला येईन.’ यांचा चेहरा त्या दिवशी मॅट्रिकचा निकाल लागल्यासारखा होता.

मधला पट्टा बरोबर बसला. मग टेप जिथून सरकते ते डोकं, ती रबरी चाकी, सगळं कापसाच्या बोळ्याने पुसून झालं. मी म्हटलं, आता लावा. तर नाही.

‘हा डेक सेकंडहँड आणला होता,’ ते म्हणाले. ‘त्याचा वेग कधी कुणी तपासला? पळत असणार. टेप जोरात पळाली की आवाज पातळ होतो. वेग एकदा बरोबर केला की तुझा आवाज तुझ्या जागी येईल.’

तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला सांगत होतं की माझं बरोबर असू शकेल. त्या दिवशी मी त्यांना बांगड्याचं कालवण दोनदा वाढलं.

वेग मोजायची त्यांची तऱ्हा तर बघण्यासारखी होती. एका फुकट गेलेल्या कॅसेटची टेप त्यांनी ओट्यावर ताणली, जाळ्याचं माप घेतो तशी. एक टोक माझ्या हातात. चार मीटर शहात्तर सेंटीमीटर मोजून दोन्हीकडे पांढरी खूण केली. ही खूण ते ही खूण, टेप बरोबर शंभर सेकंदांत जायला हवी. गेली पंच्याण्णवमध्ये. मोटरच्या पाठीत एक बारीक पेच असतो, तो केसभर फिरवला, एकशे तीन. परत फिरवला. शेजारची तेजल कचरा टाकायला आली होती ती वीस मिनिटं टोपली घेऊन उभीच राहिली. अकराव्या खेपेला घड्याळ बरोबर शंभरवर थांबलं आणि साठी उलटलेला माझा नवरा ओट्यावर चक्क नाचला.

‘आता हा जगातल्या कुठल्याही डेकइतका बरोबर आहे,’ ते म्हणाले.

रविवारी दुपारी मंगला आणि उन्नती आल्या. हळद गुरुवारची. मंगला नवी साडी नेसून आली होती, सत्काराला आल्यासारखी. यांनी मिक्सरचा पुठ्ठा अजून काढला नव्हता. काम पूर्ण झाल्याशिवाय काढायचा नाही. कॅसेट आत बसली, बटण खाली गेलं, दोन काटे उठून उभे राहिले.

आणि आतून मंगला गायला लागली.

पातळ, उंच, घाईची. पहिल्या ओळीला जरा तरी शंका घ्यायला जागा होती, पण गाणं जसजसं पुढे गेलं तसतसा आवाज आणखीच बारीक होत गेला. शेवटी शेवटी तर नुसती मंगला. मी यांच्याकडे पाहिलं. ते डेककडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा पडला होता.

मंगला हसली असती, चिडवलं असतं, तर बरं झालं असतं. मी भांडले असते. पण ती उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘जाऊ दे, वैनी. किती वर्षं झाली. आपण दोघी गात होतो, कोणाला काय लक्षात राहणार? आणि तोंड उघडू नको वगैरे मी काय धरून बसणार नाय.’

दया आली तिला माझी. मी पोहे करते म्हणून आत गेले आणि ओट्याला टेकून रडले. म्हणजे मी नव्हतेच. तीस वर्षं मनात जपलेली ती काळोखातली हंसा कुणी नव्हतीच. मी ती रचली होती.

पण पाहुणे बाहेर बसलेले, पोहे तर करायलाच हवेत. पदराने डोळे पुसले, फळीवरचा सासूबाईंचा काशाचा थाळा ओढला आणि रागाने कडप्प्यावर आपटला. टंऽऽन! असा भरदार, की पोटात घुमला. रोज त्यात तांदूळ निवडते मी, तो आवाज माझ्या ओळखीचा.

बाहेर उन्नतीने गाणं शिकायचं म्हणून कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली. गाण्याआधी दोनदा पळी वाजते. टिंग, टिंग.

मी थांबले. पुन्हा थाळा वाजवला. टंऽऽन. बाहेरून टिंग.

माझा आवाज मला ओळखू येत नसेल. पण माझ्या स्वयंपाकघरातलं भांडं मला ओळखू येत नाही, असं होणार नाही.

थाळा आणि पळी घेऊन मी बाहेर आले. ‘हा आईंचा थाळा. त्या दिवशी हाच वाजवत होतो, दुसरा नाय. कॅसेटमधे तो वाटीसारखा का वाजतो?’

हे खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागे पडली. थाळा हातात घेतला, वाजवला, कॅसेट ऐकली, परत वाजवला. मग मला विचारलं, ‘हे रेकॉर्डिंग कशावर केलं होतं? याच डेकवर ना?’

‘हा डेक कुठला? हा तर पुढच्या दिवाळीला आला. मिथुनच्या टेपवर केलं. सेलवर. लाइट गेली होती ना.’

‘सेलवर? नवीन सेल?’

‘नवीन कुठले! सकाळपासून तो त्याच्यावर वऱ्हाडाला गाणी ऐकवत होता.’

ते कपाळाला हात लावून उभे राहिले. ‘हे मला तू आठ दिवसांत सांगितलं नाहीस?’

‘तुम्ही विचारलंत?’

मग त्यांनी उन्नतीला समजावून सांगितलं, आणि तिच्या निमित्ताने आम्हाला. सेल उतरत आलेले असले की टेप हळू सरकते. हळू सरकत भरलेलं गाणं नीट चालणाऱ्या डेकवर लावलं की ते पळतं, आणि त्यातलं सगळंच पातळ होतं. माणूस काय, थाळा काय. सेल गाणंभर उतरतच गेले असणार, म्हणून आवाज शेवटाकडे अधिकच चढत गेला. ‘डेक बरोबर आहे,’ ते म्हणाले. ‘कॅसेट चूक आहे. डेक मी जितका बरोबर करीन, तितकं गाणं चुकणार.’

‘अरे वा!’ मंगला कडाडली. दया संपली, माझी नणंद परत आली, मला इतकं बरं वाटलं! ‘म्हणजे आता भाऊ पेच फिरवणार आणि बायकोचा आवाज काढणार! तू फिरवत बसलास तर त्यातून म्हशीचा पण काढशील!’

‘मी कुठे थांबायचं ते सांगणार नाही,’ हे म्हणाले. ‘हंसाही नाही. थाळा तू घे. तू वाजव. कॅसेटमधला थाळा आणि हातातला थाळा एक झाला, की तू थांब म्हण.’

आईचा थाळा. त्याच्यावर अविश्वास कोण दाखवणार? मंगलाने तो मांडीवर घेतला.

पण यांचा हात पुढे होईना. आठ दिवस, अकरा खेपा, शंभर सेकंद. आणि आता तोच वेग स्वतःच्या हाताने बिघडवायचा. आयुष्यभर चुकीचं काही चालू ठेवलं नाही त्यांनी.  त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, माझे डोळे अजून लाल होते. मग उठले, कपाटातला मोडका रेडिओ काढला, त्याचा आवाज लहान-मोठा करायचा खटका, आम्ही त्याला कान म्हणतो, तो उपसला आणि पेचाच्या जागी दोन तारांनी जोडून बाहेर काढला, म्हणजे गाणं चालू असताना वेग कमी-जास्त करता येईल. त्याला अर्धा तास लागला. त्याआधी नवा पुठ्ठा घेऊन लिहिलं : ‘वेग मुद्दाम चुकीचा ठेवला आहे. – नामदेव.’ आणि खाली तारीख घातली.

कॅसेट सुरू झाली. टिंग, टिंग. मंगलाने थाळा वाजवला. टंऽऽन.

‘खाली घे,’ ती म्हणाली. हे कान पिळायला लागले. ‘अजून. अजून खाली. थोडा… जास्त झाला, वर घे. हां. थांब.’

मंगला पक्की गाणारी आहे, हे मी कधीच नाकारलं नाही. तिचा कान केसभर चुकत नाही. थाळा जुळला तशी ती खूश होऊन मान डोलवायला लागली. पण सेल उतरत होते. दोन ओळींनी कॅसेटमधला थाळा पुन्हा चढला. ‘चढतोय, भाऊ, पकड त्याला,’ की यांनी कान पिळलाच. मग तिसऱ्या ओळीला पुन्हा. ती थाळा वाजवायची, हे पिळायचे, आणि दोघं भाऊ-बहीण असे रंगले की गाणं कोण गातंय याचं त्यांना भानच राहिलं नाही.

मी ऐकत होते. भिंतीला धरून उभी होते. सासऱ्यांच्या चार भावांची नावं आली, एका दमात, शेवटच्या नावाला श्वास संपत आलेला, आणि तरी ओळ पुरी केलेली. जाड, भरलेला, अंगणातून होडी वळवणारा आवाज. पंचवीस वर्षांची होते मी.

‘आई,’ उन्नती हळूच म्हणाली. ‘ही तर मामी हाय.’

मंगलाची पळी हवेतच थांबली. तिने मान वर केली आणि पहिल्यांदा गाणं ऐकलं. हेही ऐकत राहिले, कान पिळायचा विसरले. तसा आवाज हळूहळू पुन्हा वर सरकायला लागला, पातळ व्हायला लागला, माझ्यापासून सुटून मंगलाकडे जायला लागला.

‘भाऊ, पिळ ना!’ मंगला ओरडली. ‘ती जाते बघ! धर तिला!’

मग शेवटपर्यंत तिने एकही ठोका चुकू दिला नाही. दात ओठ खाऊन थाळा वाजवत राहिली आणि भावाला ‘खाली, खाली’ करत राहिली. मिथुनच्या सेलने अगदी शेवटी मान टाकली होती, तिथे डेक जवळजवळ थांबायला आला, पण आवाज माझाच राहिला. गाणं संपलं. काटे खाली पडले.

 मंगला थाळ्याकडे बघत बसली होती. मला वाटलं, ही आता रडणार.

‘तीस वर्षं,’ ती म्हणाली. ‘दांडी, उच्छेळी, नवापूर, सातपाटी. एक मांडव सोडला नाय मी. काय गळा, काय दम, असं गाणं परत झालं नाय…’ तिने वर पाहिलं. ‘वैनी, तीस वर्षं मी गावोगाव तुझीच तारीफ करत फिरली?’

उन्नतीला आधी हसू फुटलं. मग मंगलाला. मग ती अशी हसायला लागली की थाळा मांडीवरून घरंगळला आणि फिरत फिरत दाराशी जाऊन पडला. मी पण हसत होते आणि रडतही होते, आणि दोन्ही लपवायची मला काही गरज वाटली नाही. तीस वर्षांत एवढं कौतुक पालघर जिल्ह्यात कुठल्या सुनेचं झालं नसेल, आणि तेही नणंदेच्या तोंडून!

‘आता ते सगळं मागे कसं घेऊ मी?’ डोळे पुसत तिने विचारलं.

‘नको घेऊस,’ मी म्हणाले. ‘राहू दे तसंच.’

यांनी कॅसेट काढून डबीत ठेवली आणि उन्नतीला विचारलं, गुरुवारी स्पीकरला जोडायचा तर डेक सकाळीच आणू का? मंगलाने तिला बोलूच दिलं नाही. ‘कॅसेट कशाला पायजे? मामी घरात जिवंत असताना?’

गुरुवारी दांडीला मांडव गच्च भरला होता. उन्नती पाटावर बसली, पहिली हळद लागली, आणि सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. तीस वर्षं ज्या घडीसाठी भांडले ती आली. पंचावन्न वर्षांचा गळा, त्यात मासळी बाजारात ओरडून ओरडून चिरलेला. कॅसेटमधल्या त्या पोरीची बरोबरी आता कुठली व्हायला? तरी मी ओळ उचलली. आवाज पहिल्या नावाला फाटला, दुसऱ्याला सावरला. नवीन पोरींना झेलायचं कधी ते समजेना.

नवरीच्या आईने तिच्या हळदीला गाऊ नये, तिने बसून डोळे पुसायचे, असं आमच्यात म्हणतात. मंगला उन्नतीच्या मागे बसली होती, दोन्ही हात हळदीने भरलेले. तिने डोळे पुसले नाहीत. माझी ओळ संपायच्या आत तिने ती झेलली, त्या तिच्या पातळ, उंच, घाईच्या आवाजात, आणि इतक्या जोरात की बाहेर बँडवाले थांबले.